फाट्यावरची फीड आणि तुतीचा पाला

माझं नाव फीड. मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी मला कधी पाहिलेलं नाही, आणि त्यात तुमची काही चूक नाही. मी पाहण्यासारखी नाहीच. ना रंग, ना चित्र, ना गाणं. साध्या अक्षरांची एक जुनी फाईल, एवढीच माझी ओळख. पण एखाद्या वेबसाइटवर नवं काही लिहिलं गेलं की ते बाहेरच्या जगाला सांगायचं काम माझं असतं, आणि ते मी इतकी वर्षं बिनबोभाट करत आले आहे.

जालना जिल्ह्यात वाटूर फाट्यावर संपतचं ऑनलाइन सेवेचं दुकान आहे. तिथं सातबारा निघतो, झेरॉक्स निघते, पोरांचे परीक्षेचे अर्ज भरले जातात, आणि बसला वेळ असेल तर नुसतं बसायलाही माणसं येतात. संपतने एके दिवशी फुकटात मिळणारी एक तयार वेबसाइट घेतली आणि तिला 'गावफळा' असं नाव दिलं. त्या वेबसाइटबरोबर मी आपोआप जन्माला आले. घरात बाळ झालं आणि घरच्यांनाच पत्ता नाही, अशी माझी गत. पानाच्या कोपऱ्यात माझं छोटंसं नारिंगी चिन्ह होतं. संपतने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

तसं मला ठेवलेलं असतं दूरच्या कुठल्यातरी मोठ्या यंत्रात. पण जीव सगळा फाट्यावरच्या त्या दुकानात अडकलेला. तिथलं बोलणं मला कसं ऐकू येतं, हे मात्र विचारू नका. गोष्ट सांगणाऱ्याला एवढी सूट तुम्ही नेहमी देता, मलाही द्या.

संपतला वेबसाइट का लागली, ते आधी सांगते. त्याच्या गावात बऱ्याच जणांनी तुती लावली आहे. तुतीचा पाला खाऊन रेशमाच्या अळ्या वाढतात, कोष करतात, आणि ते कोष जालन्याला विकायला जातात. त्याच शिवारात कपाशीही आहे आणि कपाशीवर औषध फवारावं लागतं. ते औषध वाऱ्याने शेजारच्या तुतीवर गेलं आणि तो पाला अळ्यांनी खाल्ला, तर अळ्या वाचत नाहीत. सुरुवातीच्या काळात असं झालं, भांडणं झाली, आणि मग गावाने बसून एक रिवाज ठरवला. ज्याला फवारायचं आहे त्याने आदल्या दिवशी वर्दी द्यायची. ग्रामपंचायतीसमोरच्या फळ्यावर जुनं पुसायचं आणि नवं लिहायचं. तुतीवाले मग आधीच पाला कापून ओल्या पोत्याखाली ठेवतात आणि त्या बाजूच्या तुतीला काही दिवस हात लावत नाहीत. रिवाज चांगला होता, पण माणसं राहायला शेतात गेली. फळ्याकडे फिरकणं कमी झालं. म्हणून संपतने तो फळा वेबसाइटवर आणला.

आता माझं काम कसं चालतं ते ऐका. संपत 'गावफळा'वर एखादी बातमी लिहितो. ती लिहिली की माझ्यात एक नोंद वाढते. तिच्यात बातमीचं शीर्षक असतं, थोडा मजकूर, तारीख, मूळ पानाचा पत्ता आणि एक ओळखखूण. ही ओळखखूण प्रत्येक बातमीची वेगळी असते. नवी नोंद वर बसते, सगळ्यात जुनी खालून गळून पडते. ज्यांना आमच्या बातम्या हव्या असतात त्यांची यंत्रं थोड्या थोड्या वेळाने माझ्या दारात येतात आणि विचारतात, नवं काय? मी असेल ते सगळं समोर ठेवते. ती ओळखखुणा बघतात, पाहिलेल्या सोडतात, न पाहिलेल्या तेवढ्या उचलतात आणि निघून जातात. मी स्वतः कुणाच्या घरी जात नाही. कुणाचं नाव-गाव विचारत नाही. सरपंच असो नाहीतर शाळेतलं पोर, सगळ्यांना तेच दाखवते आणि त्याच क्रमाने दाखवते. या गोष्टीचा मला थोडा गर्व आहे, आणि तो मी लपवणार नाही.

पण गर्व करायला कुणीतरी यावं लागतं ना? पहिली काही वर्षं माझ्या दारात चिटपाखरू आलं नाही. माझ्या मोठ्या बहिणींनी वैभव पाहिलं होतं. वर्तमानपत्रांच्या फीड, लेखकांच्या फीड, सगळ्यांना लोक हौसेने एका जागी जमवत आणि सकाळी चहाबरोबर वाचत. मग दिवस फिरले. लोक अशा जागी गेले जिथं काय दिसावं हे दुसराच कुणी ठरवतो. आमची नारिंगी चिन्हं एकेक करून उतरली. संपतनेही वेबसाइटला नवा रंग देताना माझं चिन्ह काढून टाकलं. "कुणी दाबत बी न्हाई त्याला," तो म्हणाला. मला वाईट वाटलं. पण चिन्ह गेलं तरी मी होतेच. घराची पाटी काढली म्हणून माणूस घर सोडून जात नाही.

आणि मग पायल आली. पायल ही गावातल्या बेबीनंदाची मुलगी. जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या एका कारखान्यात ती संगणकाचं काम पाहते. बेबीनंदाने तुती लावली, शेड उभारलं, अळ्यांच्या बॅचमागून बॅच घेऊन मुलीला शिकवलं. तुतीची ती जमीन रामप्रसाद यांच्या कपाशीला लागून आहे, दोघांच्या मध्ये फक्त बांध. तिचं घर आणि शेड ओढ्याच्या पलीकडे. त्यामुळे आपल्या तुतीशेजारी काय चाललं आहे हे तिला घरून दिसत नाही. आईला वर्दी वेळेवर कळावी, या एकाच ध्यासाने पायलने माझा शोध लावला. ज्या पोरीने मला इतक्या प्रेमाने धुंडाळलं तिला मी कशी विसरेन?

पायलने एक पान तयार केलं आणि त्याचं नाव 'बांधावरून' ठेवलं. दूध संकलन केंद्रावर जसं घरोघरचं दूध येतं तशा तिच्या पानावर ठिकठिकाणच्या फीड येतात. कुणी हवामान सांगते, कुणी कोषांचा बाजार, कुणी शेजारच्या गावाची खबर. फरक एवढाच की दूध एकदा मिसळलं की कुणाचं ते कळत नाही. इथं मात्र प्रत्येक बातमीला तिच्या मूळ घराचा पत्ता शेवटपर्यंत चिकटलेला राहतो. तिचं पान दर थोड्या वेळाने आमच्याकडे येऊन जातं, नवं असेल ते तारखेप्रमाणे लावतं, आणि त्यात फवारणीची वर्दी असली की तुतीवाल्यांच्या फोनवर निरोप धाडतं. बेबीनंदाचा फोन वाजला की ती हातातलं काम टाकून विळा उचलायची. मला वाटायचं, माझ्या जन्माचं सार्थक झालं.

दोन-तीन हंगाम असे सुखात गेले. मग एका दुपारी रामप्रसाद दुकानात आले. गोड म्हातारा, पण टापटिपीचं भारी वेड. शेतातल्या ओळी जशा सरळ हव्यात तशीच दुनियाही हवी.

"संपत, तुझा फळा लई लांबला बाबा," ते म्हणाले. "माझ्या मेव्हण्यानं मागच्या सालची वर्दी उघडली न् आजचीच समजला. उगाच पाला कापून बसला. फळ्यावर जुनं ठेवतं का कुणी? पुसत जाय की."

"बराबर हाये, काका," संपत म्हणाला. "एकच ठेवतो मंग. पुसायचं न् लिहायचं."

त्याने 'फवारणीची वर्दी' या नावाची एकच बातमी ठेवली. पहिल्या वेळी ती नवीन होती, त्यामुळे तिला नवी ओळखखूण मिळाली, पायलच्या पानाने ती उचलली, सगळ्यांचे फोन वाजले. संपत खूश झाला, रामप्रसादही खूश झाले. खरं सांगायचं तर मलाही ते स्वच्छ पान आवडलं. ज्या माणसांनी आयुष्यभर ग्रामपंचायतीसमोरचा फळा पुसला जाताना पाहिला, त्यांनी आणखी काय करावं? पुसलेला फळा म्हणजे जागं गाव, असंच ते समजत आले होते.

पुढची वर्दी रामप्रसाद यांची स्वतःची होती. "उद्या सकाळी सकाळी कपाशीवर मारून घेतो. तुतीच्या बाजूनं. टाक जल्दी," त्यांनी सांगितलं. संपतने तीच बातमी उघडली, जुना मजकूर पुसला आणि नवा लिहिला. "टाकली, काका." रामप्रसाद निश्चिंत मनाने घरी गेले.

मित्रांनो, माझ्यातला मजकूर बदलला होता, पण ओळखखूण तीच राहिली होती. पायलचं पान नेहमीप्रमाणे आलं. नवं काय, म्हणालं. मी सगळं समोर ठेवलं. त्याने खूण पाहिली, ही तर पाहिलेली आहे असं समजून सोडून दिली आणि ते परत गेलं. थोड्या वेळाने पुन्हा आलं, पुन्हा तसंच गेलं. मी त्याला थांबवू शकत नव्हते. विचारल्याशिवाय बोलायचं नाही आणि विचारलं त्यापेक्षा जास्त सांगायचं नाही, अशी माझी घडण. बेबीनंदाचा फोन काही वाजला नाही.

पुढचं मला मागाहून दुकानातल्या बोलण्यावरून कळलं. दुसऱ्या दिवशी रामप्रसाद फवारून गेल्यावर बेबीनंदा तुतीत आली. हल्लीच्या औषधांना पहिल्यासारखा भपकारा येत नाही. तिने बांधाच्या बाजूच्या फांद्या कापल्या, कारण तिथला पाला सर्वांत कोवळा आणि हिरवागार होता. तिच्या अळ्या शेवटच्या अवस्थेत होत्या. त्या दिवसांत अळ्यांची भूक अशी असते की घरातल्या माणसांनी स्वतःचं जेवण विसरावं, पण पाला विसरू नये. तिने खालच्या रॅकपासून पाला टाकायला सुरुवात केली. वरच्या रॅककडे वळणार तोच खालच्या अळ्या माना वर करून हलवू लागल्या, हिरवं पाणी टाकू लागल्या. तिने ओळखलं. एकटीने सगळ्या फांद्या ओढून बाहेर फेकल्या. पण खालच्या रॅकवरच्या अळ्या गेल्याच.

ती तशीच फाट्यावर आली. हातांना तुतीचा चीक, डोक्यावरचा पदर ढळलेला. वाटेत तिने पायलला फोन केला होता आणि रामप्रसाद यांनाही बोलावलं होतं.

"मी काल दुपारीच वर्दी दिल्ती," रामप्रसाद म्हणाले. "इथंच, संपतसमोर उभं राहून दिल्ती."

"मंग माझा फोन का वाजला न्हाई, भाऊ?" बेबीनंदा म्हणाली. "येरवी वाजतो न. काल न्हाई वाजला. म्हंजे तुमी दिली न्हाई."

"बेबीताई, मी खोटं बोलून राह्यलो का?"

"मला काय माहीत? माझ्या अळ्या मेल्या, एवढं मला माहीत हाये."

संपतने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. "हे बघा न, मावशी. लिहिल्तं मी. हे समोरच हाये."

तिने एकेक अक्षर लावत वाचलं. मग हळूच म्हणाली, "आता लिहिलं असंल."

मला त्या क्षणी तोंड असतं तर मी ओरडले असते. वर्दी दिली होती, लिहिली होती, मी ती दारात घेऊन उभी होते. कुणीच खोटं बोलत नव्हतं, आणि तरी बांधाला बांध लागून जगलेली दोन माणसं एकमेकांकडे अशी पाहत होती की माझ्याच्याने ते बघवेना.

"यापुढं मला वर्दी नका देऊ," बेबीनंदा म्हणाली. "मी तुतीच मोडून टाकते. मंग तुमी कवाबी मारा. वर रॅकवर हायेत अजून, त्या बी उपाशी मरतील. माझा सगळा पाला आता बाटला का चांगला, कुणाला ठाऊक."

रामप्रसाद बाकावर बसून राहिले.

पायल जालन्याहून परतूरच्या बसने आली आणि उतरली ती थेट संगणकापुढे बसली. तिने आधी आपलं पान पाहिलं. मग कितीतरी दिवसांनी एका माणसाने मला उघडलं आणि ओळीने वाचलं. ती एका जागी थांबली.

"संपतदादा, नवी बातमी टाकल्ती का जुनी पुसून लिहिल्ती?"

"पुसून. फळाच हाये न तो."

पायलने डोळे मिटले. मग ती आईकडे वळली. "आई, काका खोटं बोलून न्हाई राह्यले. वर्दी कालच लिहिलेली हाये, वेळ बी दिसते इथं. आन् काका, आईला खरंच कळलं न्हाई. फळ्यापुढं माणूस येतो, त्याला पुसलेलं-लिहिलेलं दिसतं. इथं यंत्र येतं. ते फक्त खूण बघतं. खूण जुनी असली की हे माहीत हाये म्हणून वापस जातं." मग ती म्हणाली, "माझं बी चुकलं. बदललेला मजकूर बघायला मी माझ्या पानाला शिकवलंच न्हाई."

बेबीनंदाने पडद्यावरचा मजकूर पुन्हा एकदा लावून वाचला. तिला सगळं समजलं असेल असं नाही, पण लेकीवर तिचा विश्वास होता. "भाऊ, मी लई वंगाळ बोलले," ती म्हणाली.

"बोलणारच न," रामप्रसाद म्हणाले. "जीव गेलेत तुमच्या घरचे." मग त्यांनी पायलला विचारलं, "वरच्या अळ्यांचं काय करायचं, ते सांग. किती येळ तगतात त्या?"

"संध्याकाळपर्यंत पाला पायजेच, काका."

पायलने 'गावफळा'वर नवी बातमी लिहिली, अगदी नवीन. तुतीचा स्वच्छ पाला हवा, अळ्या शेवटच्या अवस्थेत आहेत, आणायला आम्ही येतो. खाली संपतच्या दुकानाचा नंबर. बटण दाबलं आणि माझ्यात सगळ्यात वर एक ताजी नोंद बसली, कोरी करकरीत ओळखखूण घेऊन.

मित्रांनो, मी त्या दिवशी दारात ज्या आतुरतेने उभी होते तशी कधीच नव्हते. 'बांधावरून' आलं. नवं काय? हे घे, हे नवं आहे. त्याने उचललं. घनसावंगीकडच्या रेशीमवाल्यांचं आपलं एक पान आहे आणि ते पायलच्या पानाच्या फीडमधून बातम्या घेतं. त्याने तिथून उचललं. तिथून पुढं कुणाकुणाच्या फोनवर गेलं ते मला माहीत नाही, कारण माझ्या दारापलीकडचं मला दिसत नाही. मी फक्त तोच मजकूर, एक अक्षरही न बदलता, येईल त्याच्यापुढे ठेवत राहिले. संपत मध्येमध्ये फोन उचलून बघत होता, चालू आहे ना म्हणून.

फोन वाजला. घनसावंगीजवळच्या एका गावातून गिरिजाबाई बोलत होत्या. बेबीनंदाने त्यांना कधी पाहिलंही नव्हतं.

"माझ्या अळ्या कात टाकायला बसल्यात," त्या म्हणाल्या. "त्यांना आज पाला लागत न्हाई. माझी तुती उभीच हाये. या न् कापून घेऊन जा. पर जल्दी या, ऊन उतरायच्या आत."

संपतने पत्ता लिहून घ्यायच्या आधीच रामप्रसाद यांनी आपल्या टेम्पोची किल्ली उचलली होती. बेबीनंदा त्यांच्या शेजारी बसली. टेम्पो घनसावंगीच्या रस्त्याला लागेपर्यंत आणखी दोन फोन आले, त्यातला एक तर थेट परतूरच्या पलीकडून. पायल सगळ्यांना सांगत होती, पुरेल आता, पुरेल, आणि सांगता सांगता रडत होती.

ऊन उतरता उतरता टेम्पो पाल्याने भरून परत आला. वरच्या रॅकवरच्या अळ्यांनी तो पाला असा खाल्ला की सगळं शेड खरखरत होतं, असं पायलने दुसऱ्या दिवशी संपतला सांगितलं. अर्धी बॅच गेली ती गेलीच. पण राहिलेल्या अळ्यांनी कोष धरले, पांढरेशुभ्र, आणि ते रामप्रसाद यांच्याच टेम्पोतून जालन्याला गेले. तुती मोडायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

आता संपत प्रत्येक वर्दी नवी लिहितो. जुन्या वर्द्यांचं पान त्याने वेगळं केलं आहे, म्हणजे कुणी फसू नये. पायलने आपल्या पानाला बदललेला मजकूर ओळखायलाही शिकवलं आहे. माझं नारिंगी चिन्ह परत वर आलं आहे. संपत येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवतो आणि माझं कौतुक करतो, बरंचसं चुकीचं करतो, पण मी ऐकून घेते.

मित्रांनो, तुम्ही फोनवर गोष्टींच्या मालिका, म्हणजे पॉडकास्ट, ऐकता, त्यांतल्या कितीतरी माझ्या बहिणीच तुमच्यापर्यंत आणतात. वेबसाइटवाल्यांनी फीड बंद करून दार लावून घेतलं म्हणून माझ्या कितीतरी बहिणी संपल्या. तुमच्यापैकी कुणी उद्या वेबसाइट केली तर आमच्यासाठी दार उघडं ठेवा. नवं असेल ते नवं म्हणून सांगा. आणि दुसऱ्याकडून काही घेतलंत तर त्याच्या घराचा पत्ता पुसू नका.

पण माझं खरं मागणं वेगळंच आहे. रामप्रसाद आता वर्दी लिहून झाली की घरी जात नाहीत. ते आपल्या शेतात जातात, ओढ्याच्या काठापर्यंत येतात आणि पलीकडच्या शेडकडे हाक मारतात, "बेबीताई, वर्दी मिळाली का?" आणि शेडमधून उत्तर येतं, "मिळाली, भाऊ." पायलने हे सांगितलं तेव्हा संपत हसला. काका, फोन वाजतो न त्यांचा, मंग कशाला जाता, असं त्याने विचारलंही. मला मात्र हसू आलं नाही. इतकी वर्षं मी दारात उभी राहून सांगते आहे. सांगितलेलं कुठवर गेलं, कुणी वाचलं, कुणाच्या कामी आलं, हे मला कुणी कधी सांगितलं नाही. माझी घडणच तशी आहे, पण तुमची तशी नाही. म्हणून घरात, शाळेत, शिवारात कुणी तुम्हाला काही कळवलं, तर त्याला ताटकळत ठेवू नका. ज्या एका शब्दासाठी म्हातारा माणूस ओढ्यापर्यंत चालत जातो, तो त्याला द्या. मिळालं, एवढंच म्हणा.